ऑस्ट्रेलियाचा कंपनी-प्रायोजित व्हिसा आणि पदाची खरी गरज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातील कंपनीमार्फत कुशल कामगार म्हणून जाण्याची तयारी सुरू झाली, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष जाणाऱ्या माणसाकडे लागते. त्याची पदवी, इंग्रजीची परीक्षा आणि अनुभवाची पत्रे यांची जमवाजमव होते, आणि ज्या पदासाठी तो जाणार आहे ते पद त्या व्यवसायात मुळात कशासाठी हवे आहे, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. अर्ज तपासणारा अधिकारी मात्र तो विचारतो. पुढील उत्तरे मेलबर्न-सिडनीकडे छोटे व्यवसाय चालवणारे मराठी मालक आणि पुणे, नाशिक, सांगली किंवा मडगावहून अशा जागेवर जाऊ इच्छिणारे उमेदवार या दोघांसाठी आहेत.

‘पदाची खरी गरज’ ही अट नेमकी कुठे येते?

प्रक्रियेचे तीन टप्पे असतात. आधी कंपनीला प्रायोजक म्हणून मान्यता मिळते, मग एका विशिष्ट पदासाठी नॉमिनेशन, म्हणजे ते पद मान्य करून घेण्याचा कंपनीचा अर्ज, दाखल होते आणि शेवटी त्या पदावर येणाऱ्या व्यक्तीचा व्हिसा मंजूर होतो. खऱ्या गरजेची तपासणी मधल्या टप्प्यात, म्हणजे नॉमिनेशनच्या वेळी होते. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या स्थलांतर नियमांतील २.७२ हा नियम तात्पुरत्या, म्हणजे सबक्लास ४८२ च्या व्हिसासाठी पद खरे आणि पूर्णवेळ असावे असे सांगतो, तर ५.१९ हा नियम कायमस्वरूपी, म्हणजे सबक्लास १८६ साठी त्या पदावर माणूस नेमण्याची मालकाला खरी गरज असावी असे सांगतो. प्रायोजक म्हणून पाच वर्षांची मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक पद आपोआप मान्य होईल, ही समजूत चुकीची आहे. मान्यता व्यवसायाला मिळते आणि गरज प्रत्येक पदाची वेगळी सिद्ध करावी लागते.

ही अट पूर्वीपासून आहे का?

जुना ४५७ व्हिसा १९९६ मध्ये सुरू झाला. पद खरे असण्याची स्वतंत्र अट त्याला १ जुलै २०१३ पासून जोडली गेली. १८ मार्च २०१८ रोजी ४५७ ची जागा ४८२ ने घेतली आणि ७ डिसेंबर २०२४ पासून ४८२ हाच ‘स्किल्स इन डिमांड’ या नावाने दिला जातो. नाव दोनदा बदलले, अट कायम राहिली. म्हणून ‘नवा व्हिसा आता सोपा झाला आहे’ असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे माना. अनुभवाची अट दोन वर्षांवरून एका वर्षावर आली, हे खरे. पदाच्या तपासणीत मात्र कोणतीही सूट मिळालेली नाही.

अधिकारी नेमके काय पाहतो?

तो चार गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहतो: नॉमिनेशनमध्ये लिहिलेला व्यवसाय, त्या व्यवसायाची सरकारी वर्गीकरणातील कामे, प्रत्यक्ष कंपनीत चालणारे काम आणि कंपनीची आर्थिक ताकद. चौघींची गोष्ट एकच असेल तर अर्ज सरळ जातो. एकीचा सूर वेगळा लागला, की प्रश्न सुरू होतात.

व्यवसायांचे वर्गीकरण ‘अँझस्को’ या यादीत केलेले आहे आणि त्यात प्रत्येक व्यवसायाची कामे आणि कौशल्य-स्तर दिलेले आहेत. अनेक मालक त्या यादीतील वाक्ये जशीच्या तशी उचलून पदाच्या वर्णनात उतरवतात. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि ती कटाक्षाने टाळावी, कारण पुस्तकी वर्णनातून व्यवसाय पूर्ण जुळतो आणि त्याच वेळी कंपनी पूर्ण अदृश्य होते. त्याऐवजी सोमवारी सकाळी हा माणूस कामावर आला की प्रथम काय करील, आठवड्यातील किती तास कोणत्या कामात जातील, तो कोणाला उत्तरदायी असेल, त्याच्या हाताखाली कोण असेल आणि आज हे काम कोण करते आहे, हे लिहावे. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. आज ते काम मालक स्वतः रात्री जागून करत असेल, कोणी कर्मचारी सोडून गेल्यामुळे ते अडले असेल किंवा नवे कंत्राट मिळाल्यामुळे ते नव्याने उभे राहिले असेल, तर गरज कुठून आली हे आपोआप स्पष्ट होते.

कागदपत्रांत कंपनीची रचना दाखवणारा तक्ता, पगारपत्रके, कर कार्यालयाला नियमितपणे दिली जाणारी व्यवसाय विवरणे, नफा-तोट्याचे हिशेब, ग्राहकांशी झालेले करार, जागेचा भाडेकरार आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचे रोस्टर उपयोगी पडतात. यांतील कोणताही एक कागद एकटा पुरेसा नसतो. रचनेच्या तक्त्यात सहा माणसे आणि पगारपत्रकात चारच नावे असतील, तर तो तक्ता नसता तर बरे झाले असते. म्हणून पाठवण्यापूर्वी सर्व कागद एका टेबलावर मांडून, नावे, पदनामे, तारखा आणि तास यांचा मेळ एका त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्यावा.

आमचे भारतीय रेस्टॉरंट आहे. आम्हाला शेफ हवा आहे. यात अडचण काय येऊ शकते?

हा प्रश्न मराठी आणि एकूणच भारतीय मालकांकडून सर्वाधिक येतो, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देणे आवश्यक आहे.

वर्गीकरणात शेफ आणि कुक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. शेफचा क्रमांक ३५१३११ असून तो दुसऱ्या कौशल्य-स्तरात येतो, तर कुकचा क्रमांक ३५१४११ असून तो तिसऱ्या स्तरात येतो. पदार्थांची यादी ठरवणे, कच्च्या मालाचा आणि मनुष्यबळाचा खर्च काढणे, माल मागवणे, पदार्थांचा दर्जा तपासणे आणि स्वयंपाकघरातील इतरांना शिकवणे ही शेफची कामे आहेत. दिलेल्या यादीप्रमाणे पदार्थ तयार करणे आणि शिजवणे हे कुकचे काम आहे. भाज्या चिरणे आणि भांडी धुणे हे किचनहँडचे काम असून ते पाचव्या स्तरात येते. प्रत्यक्षात तंदूरवर उभा राहून दिवसभर रोट्या लावणारा माणूस हवा असेल आणि नॉमिनेशन शेफचे असेल, तर तो माणूस कितीही कसबी असला तरी पद खरे ठरत नाही. मालकाला यात अन्याय वाटतो. त्याच्या दृष्टीने तो तंदूरवाला रेस्टॉरंटचा प्राण असतो आणि ते खरेही असते. पण कायदा माणसाचे कसब नव्हे तर पदाची कामे मोजतो, आणि कुकचे पद प्रामाणिकपणे कुक म्हणून मांडणे हा फुगवलेल्या शेफपेक्षा नेहमीच सुरक्षित मार्ग आहे.

दुसरी अडचण व्यवसायाच्या प्रकाराची आहे. शेफ, कुक आणि रेस्टॉरंट मॅनेजर या व्यवसायांना मर्यादित सेवेच्या आस्थापनांसाठी अपवाद लावलेला आहे. फास्ट फूड, पार्सल देणारी दुकाने, मॉलमधील कॉफीची दुकाने अशा ठिकाणची पदे त्यामुळे बाद होतात. ग्राहक काउंटरवर पैसे देऊन ताट घेऊन बसत असेल, तर आपले रेस्टॉरंट या व्याख्येत पडते का याचा विचार अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी करावा. टेबलावर येणारी सेवा, छापील मेनू, आसनांची संख्या, मद्य परवाना असल्यास तो, आरक्षणांची नोंद आणि जेवणघराची छायाचित्रे यांतून पूर्ण सेवेचे चित्र उभे करावे लागते.

तिसरी गोष्ट संख्येची आहे. तीस आसनांच्या जेवणघरात आधीच दोन शेफ असतील आणि तिसऱ्याची मागणी असेल, तर रोस्टर बोलले पाहिजे. कोणत्या दिवशी किती पाळ्या असतात, बाहेरच्या मेजवान्यांचे काम किती येते, आधीच्या शेफने कधी राजीनामा दिला, हे आकड्यांत दाखवावे. ‘आमचा धंदा वाढतो आहे’ हे वाक्य पुरावा नाही; गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या विवरणांतील विक्रीचा फरक हा पुरावा आहे.

पुण्यातून ग्राहकांच्या कार्यालयात बसवण्यासाठी सॉफ्टवेअर अभियंते न्यायचे असतील तर?

येथे पद कोणाचे आहे हा मूळ प्रश्न होतो. साधारण नियम असा आहे की ऑस्ट्रेलियातील प्रायोजकाने लेखी करारावर त्या व्यक्तीला स्वतःची थेट कर्मचारी म्हणून नेमावे आणि तिने प्रायोजकाच्या किंवा त्याच्या संलग्न कंपनीच्या व्यवसायात काम करावे. दुसऱ्याच्या कंपनीला फक्त माणसे पुरवणे हा ज्याचा धंदा आहे, त्याला सर्वसाधारण मार्ग खुला नसतो. त्यासाठी सरकारशी स्वतंत्र कामगार-करार करावा लागतो. आपली कंपनी प्रकल्प पूर्ण करून देण्याची जबाबदारी घेत असेल, अभियंत्याचे काम आपणच ठरवत आणि तपासत असू, तर ग्राहकाशी झालेल्या करारातून ते स्पष्ट दिसायला हवे. करारात फक्त दर दिवसाचा भाव आणि माणसाचे नाव असेल, तर तो करार मनुष्यबळ पुरवठ्याचाच वाचला जाईल.

जाहिराती दिल्या आणि योग्य माणूस मिळाला नाही. एवढे पुरेसे नाही का?

नाही. स्थानिक मनुष्यबळाची चाचपणी, म्हणजे लेबर मार्केट टेस्टिंग, ही १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील वेगळी अट आहे. तिचे उत्तर ‘स्थानिक माणूस मिळतो का’ या प्रश्नाला असते. खऱ्या गरजेचे उत्तर ‘माणूस मुळात हवा आहे का’ या प्रश्नाला असते. तरीही दोन्हींचा संबंध जवळचा आहे, कारण जाहिरातीतील पद आणि नॉमिनेशनमधील पद यांत फरक पडला तर दोन्ही ढासळतात.

साधारणतः ऑस्ट्रेलियात इंग्रजीतून किमान दोन जाहिराती द्याव्या लागतात आणि त्या किमान २८ दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. सरकारी संकेतस्थळावर तिसरी जाहिरात देण्याची सक्ती डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाली. जाहिरातीत पदाचे नाव किंवा वर्णन, आवश्यक कौशल्ये, कंपनीचे किंवा भरती करणाऱ्या संस्थेचे नाव असावे आणि पगार ९६,४०० डॉलरपेक्षा कमी असेल तर तोही लिहावा. देशभर पोहोचणारे नोकरीविषयक संकेतस्थळ चालते. फेसबुकवरील मंडळाच्या गटात टाकलेली पोस्ट चालत नाही. आलेल्या अर्जांची नोंद ठेवा. किती अर्ज आले, कोणाला बोलावले, का नाकारले, हे दोन-दोन ओळींत लिहिलेले असेल तर तोच कागद खऱ्या गरजेचाही साक्षीदार बनतो. अलीकडेच त्याच व्यवसायातील कोणाला कामावरून कमी केले असेल तर ते लपवू नका. ते कसे झाले आणि त्यानंतर नवे पद का उभे राहिले, हे स्वतःहून सांगा.

पगाराचा गरजेशी काय संबंध?

पगार हा गरजेचा आरसा आहे. ज्या पदाविना व्यवसाय अडतो असे कंपनी म्हणते, त्या पदाला बाजारभावापेक्षा कमी पगार देऊ केला तर म्हणण्यावर विश्वास बसत नाही. त्याच शहरात त्याच कामासाठी ऑस्ट्रेलियन माणसाला जेवढे मिळेल तेवढे द्यावेच लागते आणि शिवाय किमान उत्पन्नाची पातळी गाठावी लागते. ४८२ च्या मुख्य, म्हणजे ‘कोअर स्किल्स’ या प्रवाहासाठी ही पातळी १ जुलै २०२५ रोजी वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली आणि ती दर वर्षी वाढवली जाते. पूर्वी ती बरीच वर्षे ५३,९०० डॉलरवर अडलेली होती आणि १ जुलै २०२३ रोजी एकदम ७०,००० डॉलर झाली, त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाने सांगितलेले आकडे आता लागू पडत नाहीत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. दुकानातील इतर सर्वांना ५५,००० डॉलर आणि येणाऱ्या एकट्यालाच नेमकी पातळी गाठण्यापुरती रक्कम, असे असेल तर पगार पदासाठी नव्हे तर व्हिसासाठी ठरवला आहे असे दिसते.

भाच्याला किंवा पुतण्याला नॉमिनेट करता येते का?

नात्यामुळे अर्ज बाद होत नाही, पण तपासणी कडक होते आणि ती व्हायलाही हवी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मेलबर्नमध्ये हिशेबनीसाचे छोटे कार्यालय चालवणाऱ्या मामांना सांगलीच्या भाच्याला अकाउंटंट म्हणून बोलवायचे आहे. भाचा बी.कॉम. झालेला असून पाच वर्षे लेखापरीक्षकाकडे काम करतो आहे. मामांच्या कार्यालयात ते स्वतः आणि एक अर्धवेळ सहायक आहेत. येथे अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका येईल ती ही, की भाचा नसता तर हे पद निघाले असते का? शंकेचे उत्तर भाच्याच्या गुणपत्रिकेत सापडणार नाही. दोन वर्षांत वाढलेली ग्राहकसंख्या, उशिरा गेलेली विवरणपत्रे, दुसऱ्या कार्यालयाकडे बाहेर दिलेले काम आणि त्याची बिले, भाच्याचे नाव चर्चेत येण्यापूर्वी दिलेली जाहिरात, यांतून ते मिळेल. हे सगळे असेल तर नाते निर्भयपणे जाहीर करावे. यांतले काहीच नसेल तर मामांनी भाच्यासाठी दुसरा मार्ग शोधावा. प्रेमापोटी उभे केलेले पद टिकत नाही आणि नकाराची नोंद मात्र दोघांच्याही पुढच्या अर्जांपर्यंत सोबत राहते.

व्यवसाय नवा आहे. जुनी विवरणे नाहीत. मग?

नव्या व्यवसायाला बंदी नाही, पण भूतकाळ नसल्यामुळे भविष्याचा पुरावा जास्त लागतो. सह्या झालेले करार, भाडेकरार, यंत्रसामग्रीची बिले, बँकेतील शिल्लक आणि वास्तवाला धरून केलेली आर्थिक योजना जोडावी. किमान सहा महिने ते पद स्थानिक किंवा अर्धवेळ माणसांच्या आधाराने चालवून मग नॉमिनेशन करावे, असा आमचा सल्ला आहे. नियम तसे सांगत नाही, पण सहा महिन्यांची पगारपत्रके कोणत्याही योजनेपेक्षा अधिक बोलतात.

४८२ वर काम करत असलेल्या माणसाचे १८६ करताना पुन्हा गरज दाखवावी लागते का?

होय. नॉमिनेशन नवे असते आणि पद पुढे किमान दोन वर्षे उपलब्ध राहील हे दाखवावे लागते. १८६ साठी जाहिरातींची कायदेशीर सक्ती नाही. ज्या माणसाने दोन वर्षे ते काम केले आहे त्याच्या पगाराच्या नोंदी, हाताळलेले प्रकल्प आणि त्याच्याविना काय अडेल याचे साधे निवेदन येथे बहुधा पुरेसे ठरते. अडचण तेव्हा येते, जेव्हा दोन वर्षांत काम बदलून गेलेले असते आणि कागदावर जुनेच पद राहिलेले असते. प्रादेशिक भागातील पदांच्या ४९४ व्हिसासाठी मात्र पद पाच वर्षांचे दाखवावे लागते.

मी उमेदवार आहे, महाराष्ट्रातच राहतो. पदाची गरज हा मालकाचा विषय आहे. मला काय करायचे?

नॉमिनेशन नाकारले गेले तर तुमचा व्हिसाही मिळत नाही. म्हणून हा तुमचाही विषय आहे. कंपनीला विचारा: हे पद आज कोण सांभाळते? मी कोणाला उत्तर द्यायचे? जाहिरात कधी दिली आणि तिची प्रत मिळेल का? नॉमिनेशनमध्ये माझे पद कोणत्या नावाने आणि क्रमांकाने टाकले आहे? या प्रश्नांनी चिडणारा मालक किंवा एजंट हा स्वतःच एक उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाच्या आत स्थलांतराचा सल्ला व्यवसाय म्हणून देण्यासाठी नोंदणीकृत एजंट किंवा वकील असावे लागते. भारतात बसलेल्या एजंटावर ही नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्याच्याकडे नोंदणी क्रमांक आहे का हे विचारून घ्या आणि तो सरकारी यादीत स्वतः तपासा.

पद सजवण्यासाठी तुमच्या अनुभवाच्या पत्रात न केलेली कामे लिहायला सांगितली, तर स्पष्ट नकार द्या. खोटे कागद सापडले तर अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षांपर्यंत नवा व्हिसा मिळण्यात अडथळा येतो.

एजंटने ‘पद तयार करून देतो, एवढे पैसे द्या’ असे सांगितले आहे.

थांबा आणि पैसे देऊ नका. प्रायोजकत्वाच्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मागणे, घेणे आणि देणे १४ डिसेंबर २०१५ पासून बेकायदेशीर आहे. मागणाऱ्या प्रायोजकाला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि देणाऱ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. कामगार प्रशिक्षणासाठी सरकारला द्यायची लेव्ही हाही मालकाचाच खर्च आहे. ती दहा दशलक्ष डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या कंपनीला ४८२ साठी वर्षाला १,२०० डॉलर आणि मोठ्या कंपनीला १,८०० डॉलर पडते. ती पगारातून कापून घेता येत नाही. शेती गहाण ठेवून असे पैसे उभे करणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरांना पुढे मिळालेली जागा ही बहुतेक वेळा जागाच नव्हती.

नॉमिनेशन नाकारले गेले तर?

निर्णयाचे पत्र शांतपणे वाचा. कोणत्या मुद्द्यावर विश्वास बसला नाही हे त्यात लिहिलेले असते. पुनर्विलोकनाची मागणी मालकाने करायची असते आणि ती प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जाते, ज्याने १४ ऑक्टोबर २०२४ रोजी जुन्या अपील न्यायाधिकरणाची जागा घेतली. मुदत काटेकोर असते, ती चुकवू नये. न्यायाधिकरणापुढे नवे पुरावे देता येतात, पण त्याला वेळ लागतो. पद खरे असून फक्त मांडणी कच्ची राहिली असेल, तर नीट तयारी करून नवे नॉमिनेशन दाखल करणे पुष्कळदा लवकर पोहोचवते. पद चुकीच्या व्यवसायात टाकले असेल तर पुनर्विलोकनात वेळ घालवू नये.

व्हिसा मिळाल्यानंतर गरजच संपली, तर काय?

कंत्राट तुटले, शाखा बंद झाली, असे घडू शकते आणि त्यामुळे मूळ पद खोटे होते असे ठरत नाही. नोकरी संपल्याची किंवा कामे बदलल्याची माहिती प्रायोजकाने २८ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाला कळवावी. कामगाराला १ जुलै २०२४ पासून नवा प्रायोजक शोधण्यासाठी सलग १८० दिवस आणि व्हिसाच्या संपूर्ण काळात एकूण ३६५ दिवस मिळतात; पूर्वी हे ६० दिवस होते. या काळात त्याला दुसऱ्या मालकाकडे कामही करता येते. कामगाराने लेखी मागणी केल्यास त्याच्या आणि कुटुंबाच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च प्रायोजकाने करायचा असतो, आणि ती मागणी ई-मेलने करून तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.